लॉगिन होताच येणारा इशारा: बंद करावा की वाचावा?

काळी खिडकी:
उबुंटू या लिनक्स प्रणालीत लॉगिन झालं की कधीकधी एक खिडकी येते: सिस्टिम प्रोग्राममध्ये बिघाड आढळला, कळवायचा का? त्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपोर्टच्या सेटिंगमध्ये १ चा ० करून तो बंद करा आणि विसरून जा. मला हा सल्ला घातक वाटतो. प्रोग्राम कोसळला की अ‍ॅपोर्ट 'व्हार'मधल्या 'क्रॅश' फोल्डरात एक फाइल ठेवतो. ती उघडायचीही गरज नसते, नावातच सगळं असतं. आधी प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, म्हणजे यूएसआर, बिन आणि त्याचं नाव, आणि पुढे तो चालवणाऱ्याचा क्रमांक. १००० असेल तर बहुधा तुमचंच खातं, ० असेल तर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं. काय कोसळलं ते आधी बघा, मग ती फाइल खुशाल काढून टाका. न बघता तोंड बंद करू नका.

लॅबवाल्या बाई:
पूर्ण असहमत. मी शाळेची संगणक लॅब सांभाळते. तास जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. खिडकी आली की मुलं हात वर करून बसतात, 'बाई, बिघडलं!' पुढे ती अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते, तो मुलांकडे नसतो आणि नसावाच. कोसळलेला प्रोग्राम मागच्या पाळीतल्या मुलाचा, घाबरतं आत्ताचं मूल. मी सगळ्या मशीनवर ० केलंय आणि ते योग्यच आहे.

कोकणी पेंग्विन:
बाईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. नवखा माणूस जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, उघडतो आणि लाल ओळी बघून हादरतो. ठणठणीत मशीनवरही 'जीकेआर-पॅम'ला डीमनची, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामची, कंट्रोल फाइल सापडली नाही, अशी ओळ लॉगिनच्या वेळी येते. पासवर्ड जपणारं कीरिंग तोवर सुरू झालेलं नसतं, इतकंच. वीज-व्यवस्थापन बघणाऱ्या एसीपीआयच्या बऱ्याच तक्रारी मशीन सुरू करणाऱ्या बायोसमधल्या चुकांच्या असतात, त्यात आपल्या हातात फारसं काही नसतं. पण लोक कुठूनतरी सुडोच्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या, कमांडी आणून चिकटवतात आणि चालतं मशीन बसवतात. दिसेल तो संदेश दुरुस्त करायचा हट्टच जास्त नुकसान करतो.

काळी खिडकी:
वाचा म्हणजे दुरुस्त करत सुटा, असं मी म्हटलेलं नाही. संदेशच नसला की काय होतं ते बघा. पासवर्ड बरोबर, स्क्रीन क्षणभर काळी, आणि परत लॉगिनचीच पाटी. एक अक्षर दिसत नाही, माणूस थेट फॉरमॅटवर येतो. खरं तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी लॉगिन करावं आणि दोन गोष्टी बघाव्यात. 'डीएफ' कमांडने डिस्क भरली आहे का, आणि होम फोल्डरातली, ग्राफिकल लॉगिनला लागणारी एक्सऑथॉरिटी फाइल रूटच्या नावावर गेली आहे का. सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवला की हे होऊ शकतं. मालकी 'चोन' कमांडने परत घेतली की काम झालं. आता हाच घोळ होममधल्याच आयसीईऑथॉरिटी फाइलचा झाला, तर ती फाइल अपडेट करता आली नाही असा संदेश येतो आणि नेमकी जागा मिळते. तो संदेश कुणी दडपला असता तर?

लॅबवाल्या बाई:
तो मला दिसू दे, मुलांना कशाला?

पॅचवर्क:
इथे एक मुद्दा सुटतोय. बाई, ० केल्यावर खिडकी जाते, पण अ‍ॅपोर्टच्या फाइलीही बनत नाहीत. उद्या एकच मशीन रोज लटकायला लागलं तर तुमच्याकडे बघायला काय उरतं? अ‍ॅपोर्ट चालू ठेवा आणि मुलांच्या खात्यात जीसेटिंग्ज या सेटिंग बदलणाऱ्या कमांडने अपडेट-नोटिफायर या खिडकी दाखवणाऱ्या प्रोग्रामची 'शो-अ‍ॅपोर्ट-क्रॅशेस' ही की फॉल्स करा. खिडकी येणार नाही, फाइली जमतील, आणि तुम्ही तुमच्या खात्यातून सवडीने बघाल.

लॅबवाल्या बाई:
हे पटतंय. एका मशीनवर करून बघते. पण काळी खिडकी, मुलांनी ते वाचलंच पाहिजे हे मला अजूनही मान्य नाही.

काळी खिडकी:
पाचवीतल्यांनी नको. नववी-दहावीच्या मुलांना मात्र त्या फाइलीचं नाव वाचायला शिकवा, एवढा आग्रह मी धरणारच.