मदत हवी आहे: डीएनएच्या वेटोळ्यांत सीटीसीएफ प्रथिनाची 'दिशा' मुलांना कशी समजावू?

नमस्कार,

मी तालुक्याच्या गावी बारावीला जीवशास्त्र शिकवते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, हिस्टोन प्रथिनाच्या आठ रेणूंच्या गठ्ठ्याभोवती त्याच्या १४७ बेस-जोड्या (डीएनएची 'अक्षरं') गुंडाळलेल्या असतात, इथवर मुलं खुशीत ऐकतात. यंदा मी बोलता बोलता सांगून गेले की हातापायांच्या बोटांची घडण ठरवणाऱ्या सॉनिक हेजहॉग जनुकाचं बटण (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) त्याच्यापासून जवळजवळ १० लाख बेस-जोड्या दूर, भलत्याच जनुकाच्या पोटात आहे; तिथलं एक अक्षर बदललं तरी जास्तीचं बोट येऊ शकतं. लगेच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग बटण एवढ्या लांबून जनुकापाशी पोचतं कसं?"

त्यासाठी वाचायला बसले ती कोहेसिनपाशी येऊन थांबले. कोहेसिन हे कड्यासारखं प्रथिन. ते डीएनएला धरतं आणि दोन्हीकडचा धागा आत ओढत वेटोळं मोठं करत नेतं. वाटेत सीटीसीएफ हे प्रथिन बसलेलं असेल तिथे अडतं. वर्गात मी लोकरीचा धागा, एक बांगडी आणि वाळत घालायचे दोन चिमटे नेले. बांगडीतून लोकर ओढली, वेटोळं वाढलं, चिमटे बांगडीला अडले. मुलांनी उभं राहून पाहिलं.

अडचण पुढे आहे. २०१४ साली मानवी पेशींत अशी सुमारे १० हजार वेटोळी मोजली गेली आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी दोन्ही टोकांचे सीटीसीएफ एकमेकांकडे तोंड करून होते. योगायोग असता तर चारांत एक निघायला हवं होतं. माझ्या चिमट्याला दोन्ही बाजू सारख्याच! तोंड कशाला म्हणायचं?

दुसरं म्हणजे, २०१७ मध्ये पेशींतलं कोहेसिन काही तासांत नष्ट केलं, वेटोळी गेली, तरी बहुतेक जनुकांचं काम फारसं बदललं नाही. पण २०१५ मध्ये बर्लिनच्या गटाने दाखवलं की ईपीएचए४ जनुकाजवळची सीमा (शेजारशेजारची वेटोळी वेगळी ठेवणारी जागा) मोडली तर बोटांची रचनाच बिघडते. हे दोन्ही खरं कसं? बुधवारी तास आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, बांगडीची कल्पना फार आवडली. मी क्रोमॅटिनवरच (डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिनं) काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीटीसीएफ ज्या अक्षरांवर बसतं तो क्रम उलटसुलट सारखा नसतो, त्यामुळे ते नेहमी एकाच रोखाने बसतं. त्याची ११ झिंक फिंगर (बोटांसारखे छोटे भाग) डीएनए धरण्याच्या कामाची. पण कोहेसिनला अडकवणारा तुकडा प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकात, म्हणजे एन-टर्मिनसमध्ये असतो. ती पकड २०२० मध्ये स्फटिक-रचनेत दिसली. कोहेसिन त्या टोकाच्या बाजूने आलं तर धरलं जातं, पाठीमागून आलं तर बहुधा पुढे निघून जातं. प्रयोगात सीटीसीएफची जागा कापून उलटी बसवली तेव्हा वेटोळ्याचा जोडीदारही बदलला. म्हणून चिमटे काढा आणि लोकरीला ब्लाऊजचे हूक टाचा, तोंड वेटोळ्याच्या आतल्या बाजूला. बांगडी हुकात अडकेल. हूक उलटा टाचलात तर सरकून जाईल.

एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगा: ही गाठ पक्की नसते. सीटीसीएफ एका जागी मिनिट-दोन मिनिटं टिकतं, कोहेसिन साधारण वीसेक मिनिटं. पुस्तकातल्या चित्रात वेटोळं कायमचं दिसतं आणि तिथेच गैरसमज रुजतो. २०१८ मध्ये कोहेसिनचं भावंड असलेलं कंडेन्सिन एकेका डीएनएवर वेटोळं ओढताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, पुढच्या वर्षी कोहेसिनही, सेकंदाला हजार बेस-जोड्यांच्या आसपास वेगाने.

आता दुसरा प्रश्न. २०१७ च्या प्रयोगातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या होत्या. त्यांची जनुकं आधीच चालू-बंद ठरलेली, आणि पाहिलं ते काही तासांपुरतं. गर्भात बोट घडताना जनुक नव्याने चालू व्हायचं असतं. ईपीएचए४ च्या बाबतीत सीमा गेल्यावर बटण शेजारच्या घरात शिरलं आणि पीएएक्स३ किंवा डब्ल्यूएनटी६ सारखी भलतीच जनुकं चालू झाली. कोहेसिन नसलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशीही शांत असताना बऱ्याच ठीक दिसतात. जंतूची चाहूल लागल्यावर दाहाची जनुकं चालू करताना त्या कमी पडतात. वेटोळ्याची गरज बदलाच्या वेळी जास्त भासते, असं माझं मत.

धागाकर्ती

मनापासून आभार. शेजारच्या काकूंच्या शिवणाच्या डब्यातून चार हूक आणले. दोन्हीकडे दोन-दोन, आत तोंड करून टाचले: बांगडी दोन्हीकडे खट्कन अडली. मग आतला एक काढून उलटा लावला, तर बांगडी त्याच्यावरून सरकली आणि पुढच्या हुकाला जाऊन बसली, वेटोळं जवळजवळ दुप्पट! त्या मुलीला बुधवारी हूक स्वतःच्या हाताने उलटा लावायला सांगणार आहे.

फक्त एवढं सांगा, कोहेसिनला डीएनएवरून सोडवणारं डब्ल्यूएपीएल प्रथिन दाखवायला काय वापरू? बांगडी मधेच उघडता आली पाहिजे.

प्रतिसाद २

किल्ल्यांची रिंग घ्या, मॅडम. नखाने उघडते.