'रेमिडिएशन'ला मराठीत काय म्हणायचं? ('जमीन सुधारणा' सोडून)

खाजणकन्या
मंडळी, मदत हवीय आणि जरा घाईत हवीय. चेंबूरकडे एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर टॉवर येणारेत, त्याआधी तिथली माती आणि खालचं पाणी तपासलं तर नको ते बरंच सापडलं, आता ते साफ करायचा आराखडा झालाय आणि त्याचा मराठी सारांश आजूबाजूच्या चाळी-सोसायट्यांमधे वाटायचाय, ते काम माझ्याकडे आलंय. आधी ज्यांनी केलं त्यांनी 'साइट रेमिडिएशन प्लॅन'चं 'जमीन सुधारणा आराखडा' करून ठेवलंय. ते वाचून एका काकांनी फोन करून विचारलं म्हणे, ही कूळकायद्याची नवीन भानगड आहे का. शिवाय 'प्लूम'ला, म्हणजे भूजलाबरोबर जमिनीखाली पसरत जाणाऱ्या घाणीला, 'विषारी पिसारा'. म्हणजे जमिनीखाली मोर नाचतोय. धड शब्द सुचवा प्लीज.

जुना उपसंपादक
यात अवघड काय आहे कळलं नाही. 'मृदा व भूजल शुद्धीकरण आराखडा'. सगळ्यांना समजतं, संस्कृतोत्पन्न आहे, आणि भांडुपला इतकं मोठं जलशुद्धीकरण केंद्र उभं आहे त्याच्या नावावर आजवर कोणी कुरकुर केल्याचं ऐकलं नाही.

बोअरमामा
उपसंपादक साहेब, मी ह्याच कामात आहे, म्हणजे बोअर मारून नमुने काढायच्या. शुद्धीकरण लिहिलंत की लोक म्हणणार आता विहिरीचं पाणी प्यायचं का. बऱ्याच साइटवर पाणी पिण्याजोगं करणं हा हेतूच नसतो. कुठे माती खणून बाहेर नेतात, कुठे पाणी उपसून त्यावर प्रक्रिया करतात, कुठे बॅक्टेरियाला खाऊ घालून तेल खायला लावतात, आणि कुठे कुठे तर घाण आहे तिथेच ठेवून वर जाड थर टाकतात, म्हणजे माणसाच्या अंगाला लागू नये, नाकात जाऊ नये. हे शेवटचं पण रेमिडिएशनच. त्याला शुद्ध झालं कसं म्हणणार तुम्ही?

महाडकर
मला 'शुद्धीकरण' वेगळ्याच कारणाने नको वाटतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्या तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. आमच्याकडे पाणी आणि शुद्धी हे दोन शब्द शेजारी आले की आधी हे आठवतं. आता तुम्ही एका वस्तीशेजारच्या जमिनीचं शुद्धीकरण म्हणून पत्रकं वाटणार, आणि अशा जागांशेजारी बहुतेकदा कोण राहतं हे मी सांगायला नको.

जुना उपसंपादक
हे ओढूनताणून होतंय. मग भाषाशुद्धीही म्हणू नका, शुद्धलेखनही नको.

महाडकर
शुद्धलेखनाबद्दल तर मी वेगळा धागा काढीन, तुम्ही फक्त या.

खाजणकन्या
अहो वेगळाच काढा. महाडकर, तुमचा मुद्दा पटला, 'शुद्धीकरण' खोडलं.

टिळकपुलावरचा
'दूषित' का चालत नाही? दूषित माती, दूषित भूजल, आणि दूषण-निवारण.

बोअरमामा
चालतो की. पण मुंबईत 'दूषित पाणी' म्हटलं की पावसाळा, फुटकी पाइपलाइन, गॅस्ट्रो आणि पाणी उकळून प्या. इथे उकळून उपयोग नाही, क्रोमियमसारखा धातू उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटलं की तेवढंच क्रोमियम कमी पाण्यात राहतं. लोकांनी नेमकं उलटं करायला नको.

लग्नाळू
जुलै २०२५ मधे केंद्राने ह्याच विषयाचे नियम काढलेत ना, त्यात कलेक्टर ऑफिस, प्रदूषण नियंत्रण मंडळ, तपासणी, खर्च कोणाचा वगैरे सगळं आहे. त्यावर मी एका ठिकाणी 'दूषित स्थळ' असं भाषांतर वाचलं. आमच्या घरी गेली काही वर्षं जी स्थळं येतायत त्यातली निम्मी ह्या नियमांत बसतील. 😄

खाजणकन्या
😂 म्हणूनच मी 'जागा' लिहितेय.

तळ्याकाठचा
अस्सल मराठी हवंय ना, मग 'बाटलेली जमीन' म्हणा. पाणी बाटलं, विहीर बाटली, असं आपल्याकडे म्हणतातच.

गिरीजची
नका म्हणू. वसईत वाढलेय मी. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि गावच्या गाव बाटलं ही गोष्ट शाळेत मला मधल्या सुट्टीत ऐकवली जायची, डबा उघडला की. कारखान्याने बेंझीन सोडलं त्याला माझ्या आजी-पणजीचा शब्द कशाला लावताय.

तळ्याकाठचा
ताई मला फक्त शब्द म्हणून सुचलं, तसा हेतू नव्हता. पण असं प्रत्येक शब्दामागचं उकरत बसलो तर बोलायचं काय मग?

गिरीजची
उकरणं हेच तर त्या बोअरमामांचं काम आहे. आपण का नाही करायचं?

शिवडीची सून
मी एक सुचवू का, हसू नका. 'निस्तरणे'. सासूबाई स्वैपाकघरात काही सांडलं की एवढंच म्हणतात, ज्याने केलंय त्याने निस्तरायचं. नेमकी तीच भावना आहे ना इथे, म्हणजे शुद्ध-पवित्र काही नाही, झालेला घोळ पार करायचा. आणि 'पोल्युटर पेज', म्हणजे घाण करणाऱ्यानेच खर्च भरायचा, हे सुद्धा त्यातच आलं. बिछडीच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने १९९६ मधे वेगळं काय सांगितलं, राजस्थानात एच-ॲसिड ह्या रसायनाच्या कारखान्यांनी गावच्या विहिरी वाया घालवल्या तर साफ करायचा खर्चही त्यांच्याच बोडक्यावर.

बोअरमामा
वा! हे आवडलं. साइटवरची पोरं पण असंच बोलतात, 'साहेब हे निस्तरायला दोन पावसाळे जातील.'

जुना उपसंपादक
क्रियापद म्हणून ठीक. नाम काय करणार? 'निस्तरण आराखडा'? मंत्रालयात फाइल उघडणार नाही कोणी.

शिवडीची सून
महापौर, दिनांक हेही कोणीतरी घडवलेलेच शब्द आहेत आणि तेव्हाही लोक हसलेच असणार. संस्कृत पाहिजे तर निस् अधिक तृ, तरून पार जाणे, घ्या तुमचं संस्कृत.

वर्धेकर
थांबा. आमच्याकडे 'निस्तार' म्हणजे जंगलातून सरपण, बांबू, गवत घ्यायचा हक्क. निस्तार हक्क, निस्तार पत्रक, जुन्या सीपी ॲन्ड बेरारच्या काळापासून कागदोपत्री आहे. तुम्ही मुंबईत 'भूजल निस्तार' लिहिलं तर विदर्भातला माणूस समजेल की पाणी घ्यायचा हक्क मिळाला. शिवाय हिंदीवाले 'कचरा निस्तारण' म्हणतात, तिथून उचलल्यासारखंही वाटेल.

शिवडीची सून
हिंदीतून कशाला उचलायला जाऊ? घरातला शब्द आहे. आणि त्यांच्याकडे तो विल्हेवाट ह्या अर्थी येतो, आपल्याकडे तसा नाही. विल्हेवाट म्हणजे उचलून दुसरीकडे नेणं. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मधे पीथमपूरला नेऊन नंतर जाळला, पण कारखान्याखालची माती आणि पाणी अजून तिथेच आहे. त्याला मी निस्तरलं म्हणणार नाही.

वर्धेकर
मुद्दा चांगला आहे पण माझी हरकत कायम.

टिळकपुलावरचा
बरं प्लूमचं काय झालं? धुराचा लोट म्हणतात तसा 'लोट'?

बोअरमामा
लोट जोरात येतो हो, हे इतकं सावकाश सरकतं की वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बघा कसं असतं, बोअर मारताना जशी माती निघेल तशी ओळीने मांडून ठेवतात, मुंबईत बहुतेक ठिकाणी आधी भराव, मग खाडीजवळ असलात तर काळा चिखल, मग मुरूम, मग काळा पाषाण. मग त्यात बारीक चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप सोडायचा, भोवती बारीक खडी, वरच्या बाजूला बेंटोनाइट मातीचं बूच, नाहीतर पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने उतरतं आणि रिपोर्ट खोटा येतो. बाटली पण काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडा राहिला की पेट्रोलसारखं उडून जाणारं जे असतं ते त्यातच निघून जातं. एका रेषेत नसलेल्या तीन बोअरमधली पातळी मोजली की पाणी कुठल्या अंगाला चाललंय ते कळतं, खाडीलगत मात्र भरती-ओहोटीने पातळी हलते त्यामुळे एकदा मोजून भागत नाही. आणि पाषाणात पाणी भेगांतनंच जातं, म्हणून इथे भरपूर सापडलं आणि दहा पावलांवर काहीच नाही असंही होतं. तर पिसारा नाही, लोट नाही, मी 'ओघळ' म्हणेन. फार तर 'फराटा'.

खाजणकन्या
ओघळ! हा घेतला. मामा, आणखी एक, पाण्यावर तरंगणारं तेल आणि तळाला जाणारं सॉल्व्हंट ह्यांना साइटवर काय म्हणता?

बोअरमामा
इंग्रजीतच बोलतो खरं तर. पण तरंगतो तो तवंग आणि बुडतो तो साका, आईच्यान सांगतो ह्याहून सोपं काही नाही. मिसळीसारखं समजा, पेट्रोल-डिझेल म्हणजे वरची तर्री, ती निदान दिसते तरी, आणि ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे तळाला बसलेली मटकी, चमचा खाली घातल्याशिवाय कळत नाही. काढायला जास्त त्रास तिचाच.

रंकाळाप्रेमी
तर्री नाही, कट. मिसळीवर कट असतो.

वर्धेकर
तर्री. सावजीची तर्री. कट बीट काही नसतं.

रंकाळाप्रेमी
सावजीची असेल, मिसळीचा कटच. कटाची आमटी ऐकलीय का कधी?

जुना उपसंपादक
कटाच्या आमटीतला कट म्हणजे पुरणाची डाळ शिजवून काढलेलं पाणी. त्याचा तेलाशी काडीचा संबंध नाही. दोन वेगळे शब्द आहेत.

रंकाळाप्रेमी
वेगळे कशावरून? वर येतं ते काढून घ्यायचं, दोन्हीकडे तेच.

खाजणकन्या
अहो संध्याकाळी पाठवायचंय मला. सध्या वर 'रेमिडिएशन' असंच ठेवतेय आणि खाली एक ओळ, 'म्हणजे झालेली घाण निस्तरणे'. 'ओघळ' आणि 'तवंग' घेतले, 'साका'बद्दल क्लायंट काय म्हणतो बघू.

जुना उपसंपादक
'घाण निस्तरणे' सरकारी कागदावर? शोभत नाही हो.

महाडकर
घाण शोभते आणि शब्द शोभत नाही होय?

गिरीजची
बाय द वे आमच्याकडे मिसळीवरच्या त्या लाल तेलाला तवंगच म्हणतात. कट नाही आणि तर्री पण नाही.

रंकाळाप्रेमी
वसईत मिसळ मिळते?