व्यावसायिक संबंध दृढ करण्यासाठी फुलांची भेट द्यावी का?

अंबडचा कारखानदार

दिवाळी आली की नाशिकमधल्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या प्रत्येक कंपनीच्या रिसेप्शनवर सुक्यामेव्याच्या आणि मिठाईच्या डब्यांची चळत लागते, आणि कोणता डबा कोणी पाठवला हे दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. त्या गर्दीत भर घालण्याऐवजी ग्राहकाच्या स्वतःच्या प्रसंगाला, म्हणजे नवे मशीन सुरू झाले, निर्यातीचा पहिला माल रवाना झाला किंवा एखादे जुने साहेब निवृत्त झाले अशा वेळी, ताजी फुले पाठवावीत असे माझे ठाम मत आहे. चांदीचे नाणे किंवा मनगटी घड्याळ स्वीकारताना समोरच्याच्या मनात ‘हे उद्या काय मागतील’ अशी शंका डोकावते, पण फुलांच्या बाबतीत ती येत नाही, कारण ती कपाटात साठवता येत नाहीत आणि त्यांचे ओझेही राहत नाही. शिवाय मोगल काळात गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या आपल्या शहराला फुलांसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

परचेस विभागातून

मी सहमत नाही. खरेदी विभागात काम करताना मी असे अनेक बुके पाहिले आहेत. सिक्युरिटी गेटवर नोंद होते, बुके रिसेप्शनवर थांबतो, साहेब प्लांटमध्ये मीटिंगला असतात आणि संध्याकाळी तो त्यांच्या टेबलावर पोहोचतो तेव्हा जरबेराच्या माना वाकलेल्या असतात. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. एका मोठ्या ग्राहक कंपनीकडून आम्हाला दर वर्धापनदिनाला आकर्षक पुष्पगुच्छ येत असे आणि त्याच कंपनीकडे आमची बिले चार-चार महिने अडकून पडत असत. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पैशांसाठी लेखी करार करूनही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. पुरवठादाराशी नाते जोडायचे असेल, तर ती मुदत पाळावी. पगाराची तारीख तोंडावर आलेली असताना गुलाब पाहून कोणत्याही लघुउद्योजकाला आनंद होत नाही.

हिशेबनीस, कॉलेज रोड

दोघांच्याही मुद्द्यांना कराची बाजू जोडतो. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे त्या कराची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) नुसार मिळत नाही, त्यामुळे चॉकलेटच्या बॉक्सवरचा कर खिशातूनच जातो. ताज्या फुलांवर मुळात जीएसटीच नाही. आयकरात 1 जुलै 2022 पासून आलेल्या तरतुदीनुसार, एकाच व्यावसायिकाला वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ दिल्यास 10 टक्के टीडीएस (देतानाच कापायचा कर) लागतो. फुलांच्या भेटी या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. मात्र शासकीय अधिकारी किंवा बहुराष्ट्रीय कंपनी समोर असेल, तर त्यांची भेटवस्तूंविषयीची नियमावली आधी विचारून घ्यावी.

गुलाब उत्पादक, दिंडोरी तालुका

परचेसच्या साहेबांनी माना वाकल्याचे लिहिले, त्यात दोष फुलाचा नसून हाताळणीचा आहे. आम्ही पहाटे अर्धवट उमललेली कळी काढतो, दांडे लगेच पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि मग 2 ते 4 अंश तापमानाच्या शीतगृहात नेतो. वीस फुलांच्या बंचभोवती नालीदार कागद गुंडाळला की डोकी घासत नाहीत. तिथपर्यंत सगळे व्यवस्थित असते, परंतु पुढे कोणी तो बंच भर उन्हात दुचाकीवर नेतो, तर कोणी फळांच्या टोपलीतच फुले खोचतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानेच फूल लवकर मावळते. पोहोचल्यावर दांड्याचे टोक तिरपे कापून स्वच्छ पाण्यात ठेवले, तर गुलाब सहज चार-पाच दिवस टिकतो.

आमच्यासाठी हा विषय पोटाचा आहे. व्हॅलेंटाइन आणि लग्नसराई संपली की मागणी कोसळते, पितृपक्षात तर फुलाला विचारणारा भेटत नाही, आणि पॉलीहाऊसच्या कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने चालू असतो. त्यातच प्लास्टिकच्या फुलांनी बाजार खाल्ला आहे. नाशिकच्या कंपन्यांनी वर्षभर थोडी थोडी नियमित मागणी ठेवली, तर मंदीतही आमचे तोडणीचे मजूर टिकतील.

गोदाकाठची रहिवासी

शेतकरी दादांची अडचण मनापासून पटते, पण बुके म्हणजे केवळ फुले नसतात. प्लास्टिकचे आवरण, चकाकणाऱ्या रिबिनी आणि फुले खोचण्याचा तो हिरवा स्पंज कुजत नाही. हा कचरा कुठे जातो हे पाहायचे असेल, तर पंचवटीत नदीकाठी निर्माल्य वेचणाऱ्यांशी बोलून पाहावे. भेट द्यायचीच असेल, तर मातीच्या कुंडीतले रोप किंवा आपल्या जिल्ह्यातले बेदाणे द्यावेत.

अंबडचा कारखानदार

ताई, स्पंज आणि प्लास्टिक नको हे मान्य आहे. सुतळीने बांधलेला कागदातला बंच पुरेसा आहे. बेदाण्यांना मात्र माझा विरोध आहे, कारण ते पुन्हा त्याच डब्यांच्या चळतीत जातात. परचेसच्या साहेबांना सांगतो की, बिल वेळेवर देणे हे कर्तव्य आहे आणि फूल हा त्यानंतरचा आदर आहे. पहिले चुकवून दुसरे पाठवणे अपमानास्पदच आहे.

परचेस विभागातून

मग ती फुले माझ्या विभागाच्या नावाने पाठवू नका. खंडेनवमीला आमच्या शॉपफ्लोअरवर कामगार स्वतः वर्गणी काढून मशीनला झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी सकाळी आठच्या आत एक क्रेट झेंडू मेंटेनन्सच्या मंडळींच्या नावाने पाठवा. गेटपासची व्यवस्था मी करून ठेवतो.