मदत हवी आहे: घोडी माजावर येते, पण फळत नाही (लोणी काळभोर, पुणे)

नमस्कार मंडळी,

आमची मारवाडी घोडी १४ वर्षांची आहे. दोन शिंगरं झाली, दोन्ही धडधाकट. धाकट्याच्या वेळी वार (विल्यानंतर बाहेर पडणारी झिल्ली) मात्र लवकर पडली नाही. घोडीची वार ३ तासांत पडायला हवी, हिची रात्रभर लोंबत होती. तेव्हापासून ती गाभण राहिलेली नाही.

माज अगदी वेळेवर, दर २१ दिवसांनी. घोडा समोर आला की शेपूट बाजूला घेऊन उभी राहते, थोडं थोडं मुतते. या खेपेला घोडा दाखवल्यानंतर (म्हणजे लावल्यानंतर) दोन दिवसांनी सोनोग्राफी केली, तर गर्भपिशवीत पाणी साचलेलं, पडद्यावर काळं, स्पष्ट दिसलं. डॉक्टर म्हणाले, घोड्याचं वीर्य थेट पिशवीतच पडतं, त्यामुळे थोडी सूज प्रत्येक घोडीला येते. निरोगी पिशवी ते सगळं दीड-दोन दिवसांत बाहेर टाकते. हिची टाकत नाही.

तबेल्यावर येणारा जो तो सांगतो, पिशवीत अँटिबायोटिक सोडा, नाहीतर विकून मोकळे व्हा. विकायची नाही, फार गुणी जनावर आहे. आणि स्वॅब (पिशवीतला नमुना तपासणीसाठी) न घेता औषध सोडणं मनाला पटत नाही. या वयात बायोप्सी (पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणं) करून उपयोग होतो का? पिशवी धुवायची तर नेमकी कधी? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोडी दाखवली आहे का कुणी?

प्रतिसाद:

दादा, आधी तिला मागून नीट बघा. वयस्क घोडीचं गुदद्वार आत ओढलं जातं, मायांग (योनीचं तोंड) तिरपं होतं आणि हवा, शेण आत जातं. चालताना मागून हवेचा आवाज येतो का? येत असेल तर वरचा भाग शिवून घेतात, त्याला कॅसलिक म्हणतात. हे करायचं राहिलं तर कितीही धुवा, पुन्हा तेच. शिवलंत तर विण्याआधी टाके उघडावेच लागतात.

स्वॅब माजाच्या सुरुवातीलाच, कल्चर (जंतू कोणते ते) आणि सायटॉलॉजी (सुजेच्या पेशी आहेत का ते) दोन्ही. एका माजात एकदाच घोडा दाखवा, तोही सोनोग्राफीत बीज सुटायला आलंय असं दिसल्यावर. मग ४ ते ८ तासांनी कोमट रिंगर लॅक्टेटने (सलाइनसारखं द्रावण) धुलाई आणि वर ऑक्सिटोसिन (पिशवी आकुंचन पावून पाणी बाहेर टाकायला). गर्भ सहाव्या दिवसाच्या सुमारास पिशवीत उतरतो, म्हणून या धुलाईने त्याला धोका नाही.

एवढं करूनही गाभण राहिली नाही तर बायोप्सी जरूर करा. त्यात अस्तर किती खराब आहे त्याप्रमाणे १, २अ, २ब, ३ असे ग्रेड देतात, ३ सगळ्यात वाईट. ग्रेड ३ आला तर शिंगरू मिळण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत, मग तिला त्रास देऊ नका. २अ आला तर अजून बरीच आशा आहे.