आजच्या काळातली वेस्टर्न कादंबरी: शेरीफ, काउंटी, रेझर्वेशन यांना मराठीत काय म्हणायचं?

झुणकाप्रेमी:
लोकहो, क्रेग जॉन्सनची 'द कोल्ड डिश' हाती लागलीये आणि पार अडकलोय तिच्यात. 'लाँगमायर' सिरीज मागेच बघून झाली होती पण ती पुस्तकांवरून केलीये आणि हे २००४ चं पहिलं पुस्तक, हे आत्ता कळलं. वेस्टर्न म्हटलं की आपल्या डोक्यात घोडे, धूळ आणि ढिश्क्यांव ढिश्क्यांव, इथे मात्र शेरीफ वॉल्ट लाँगमायर गाडीतून फिरतो, ऑफिसात फोन घ्यायला रूबी बसलेली असते, नाश्ता बिझी बी कॅफेत आणि संध्याकाळी दोस्ताच्या, हेन्री स्टँडिंग बेअरच्या, रेड पोनी बारमध्ये बिअर. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं ड्युरंट नावाचं काल्पनिक गाव. सुरुवातीला बॉब बार्न्स नावाचा एक पिणारा माणूस फोन करून सांगतो की माळावर प्रेत पडलंय, आणि ऑफिसात कुणी ते धड मनावरच घेत नाही, असेल एखादी मेंढी मेलेली! तिथूनच पुस्तकाने जी मान पकडली ती सोडायलाच तयार नाही.

आता बाबांना गोष्ट मराठीतून सांगायला घेतली तर प्रत्येक वाक्याला अडतंय. वेस्टर्न, शेरीफ, काउंटी, रेझर्वेशन, रँच. सुचवा काहीतरी.

बोरूवाला:
पाश्चात्त्य तर अजिबात नको, पाश्चात्त्य कादंबरीत टॉलस्टॉयपण बसतो. इथला पश्चिम म्हणजे अमेरिकेचा पश्चिम, मिसिसिपीच्या पलीकडचा. वेस्टर्नच ठेवा, पिक्चरमुळे सगळ्यांना कळतं. शेरीफला नगरपाल आहे की, मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, सरकारी शब्द आहे.

तिरकी_रेघ:
नगरपाल म्हणालात तर बाबांच्या डोळ्यासमोर दिलीपकुमार येईल हो. १९८० साली तो मुंबईचा शेरीफ होता, १९९४ ला गावसकर. राज्यपाल नेमतात, वर्षभराचं मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत वगैरे. हायकोर्टाने जहाज अडकवायचा हुकूम काढला की तो बजावायचं काम अजून त्या ऑफिसकडे आहे म्हणतात तेवढाच काय तो जुना दरारा. वायोमिंगचा शेरीफ निवडून येतो, चार वर्षांनी परत लोकांसमोर हात जोडायचे, आणि मधल्या काळात प्रेतही त्यानेच उचलायचं. वास फौजदारासारखा आहे खरा, पण फौजदाराला कधी दारोदार मतं मागत फिरताना बघितलंय का? हा फरक मोठा आहे, तेव्हा शेरीफच म्हणा आणि एकदा सांगून टाका की हा निवडून आलेला फौजदार.

आडगावकर:
काउंटीला तालुका म्हणावं का? कारभार साधारण तसाच, आणि ड्युरंट म्हणजे मग आपलं तालुक्याचं गाव. बँक, कोर्ट, एक हॉटेल, सगळे सगळ्यांना ओळखतात. स्मॉल टाउनचं 'छोटं शहर' केलं की त्यातली मजाच जाते.

तिरकी_रेघ:
'तालुक्याचं गाव' झकास, एकदम मान्य. पण काउंटीला तालुका म्हटलं की आकाराचा पार बोजवारा उडतो. ड्युरंट ज्या बफेलो गावावरून घेतलंय ते जॉन्सन काउंटीत येतं. ही काउंटी आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडी मोठीच भरते आणि २०२० च्या जनगणनेत माणसं किती, तर साडेआठ हजारांच्या आतबाहेर. साताऱ्यात २०११ लाच तीस लाख होते. म्हणजे क्षेत्रफळ जिल्ह्याचं आणि वस्ती एखाद्या बऱ्यापैकी खेड्याची. शेरीफकडे हाताशी चारदोन डेप्युटी, एका टोकाला काही झालं तर पोचेपर्यंत बर्फ पडायला लागतो. हे डोक्यात नसेल तर पुस्तकातला एकटेपणा कळणारच नाही. मी काउंटीच ठेवीन.

आडगावकर:
बापरे. साताऱ्याएवढ्यात साडेआठ हजार?? मग भांडायला तरी कोण भेटतं यांना

बोरूवाला:
भांडले ना, याच काउंटीत १८९२ साली मोठ्या गुरंवाल्यांनी टेक्सासहून बंदूकवाले भाड्याने आणून छोट्या शेतकऱ्यांवर घातले होते, जॉन्सन काउंटी वॉर. शेवटी गावकऱ्यांनीच त्यांना एका रँचवर कोंडलं आणि सोडवायला घोडदळ यावं लागलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. 'द कोल्ड डिश'मध्येही राग तोच आहे, शिक्षा व्हायला हवी होती आणि झाली नाही.

झुणकाप्रेमी:
पुढचं सांगू नका रे, निम्म्यावर आहे!! बरं रेझर्वेशनचं काय? काल बाबांना म्हटलं की तो पोरगा रेझर्वेशनवर राहतो, तर म्हणाले कोट्यातून घर मिळालंय का.

रानवाटा:
हा खरा अवघड शब्द आहे. आपल्याकडे आरक्षण म्हटलं की एकतर नोकरी-कॉलेज नाहीतर रेल्वेचं तिकीट, तिसरा अर्थ शिरायला जागाच उरलेली नाही. 'राखीव क्षेत्र' म्हटलं तर जंगलखातं आठवतं, वाघ वगैरे. रेझर्वेशन म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींसाठी राखलेला मुलूख. शायेन या अशाच एका जमातीचं (स्पेलिंग बघून चेयेन म्हणू नका) हे रेझर्वेशन शेजारच्या मोंटाना राज्यात आहे, कादंबरीच्या काउंटीला लागून असल्यासारखं दाखवलंय. तिथे त्यांचं स्वतःचं सरकार, स्वतःचं कोर्ट, पोलीसही वेगळे, मोठा गुन्हा असला तर थेट केंद्राचे लोक येतात. वॉल्ट लाँगमायरचा बिल्ला त्या हद्दीत चालत नाही, म्हणून तर त्याला हेन्री स्टँडिंग बेअरला बरोबर घ्यावं लागतं. थोडक्यात राखीव जागा कमी आणि अर्धवट संस्थान जास्त, पण संस्थान म्हटलं की राजा आला! त्यापेक्षा तिथले लोक स्वतः 'रेझ' म्हणतात तेच घ्या, छोटा शब्द आहे, दोन पानांत सवय होते. आणि इंडियनचं भारतीय करू नका एवढी कृपा करा, एका अनुवादात तसं वाचून मी पुस्तक मिटलं होतं. नुसतं शायेन म्हणा.

आडगावकर:
रँचला गोठण? आमच्याकडे गुरं दुपारी जिथे बसतात ती जागा. आणि काउबॉय म्हणजे गुराखी.

रानवाटा:
गोठण गोड आहे पण ती सावलीची जागा, रँचमध्ये हजारो एकर जमीन, घर, कुंपण, कर्ज सगळं येतं. गुराखी म्हटलं की हातात काठी आणि कमरेला पावा, तो बंदूक चालवेल असं कुणाला वाटणार नाही. जीएंनी अमेरिकन कादंबरीकार कॉनराड रिक्टर मराठीत आणला तेव्हा कादंबऱ्यांना नावं दिली रान, शिवार, गाव. ओहायोचं जंगल तोडून वसलेली माणसं, तिथे शिवार चपखल बसतं कारण ती शेतीच होती. इथे कोरडा माळ आणि गुरं. काही ठिकाणी 'माळ' वापरून बघा, रँच शब्द मात्र राहू दे.

झुणकाप्रेमी:
म्हणजे एकूण तालुक्याचं गाव आणि माळ एवढे दोनच मराठी मिळाले, बाकी सगळं आहे तसंच :) चालेल. बाबांना आता 'कोल्ड डिश' म्हणजे काय ते सांगायचंय, ते कोशिंबीर समजतायत.

बोरूवाला:
सूड थंड करून वाढावा अशी तिकडची म्हण आहे त्यावरून. दबा धरून बसणे, डूख धरणे यातलं काहीतरी बघा. 'डूख' मला बरं वाटतं.