‘हायजीन’ म्हणजे झाडू नव्हे, मग काय?

रावपुऱ्याची: मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एका निवृत्त सेफ्टी ऑफिसरांचं इंग्रजी टिपण मराठीत आणतेय. ‘ऑक्युपेशनल हायजीन’ला ‘व्यावसायिक स्वच्छता’ लिहिलं. मुद्रितं तपासणारे काका म्हणाले, “झाडूपोछ्यावर लेख आहे का?” टिपणात तर हवेत धूळ किती, बेंझिनची वाफ किती, यंत्राचा आवाज किती डेसिबल, हेच मोजमाप आहे. शब्द सुचवा.

सदाशिवपेठी: आरोग्य. महाराष्ट्रात त्या खात्याचं नावच ‘औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय’.

रावपुऱ्याची: मग ‘हेल्थ’ला काय लिहू? दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

दांडियाबाजार: केंद्राच्या २०२० च्या कामगार संहितेचं हिंदी नाव पाहा: ‘उपजीविकाजन्य सुरक्षा, स्वास्थ्य और कार्यदशा’. स्वास्थ्य घ्या.

खडूस: उपजीविकाजन्य म्हणेपर्यंत पाळी संपेल. आणि मराठीत स्वस्थ कामगार म्हणजे हात बांधून बसलेला. मालक लगेच पगार कापेल.

मकरपुरा१८: ‘सुरक्षा’ शब्दही फसवा आहे बरं. जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, अठरा वर्षं काढली. एकदा मुख्य कचेरीतून मराठी फलक आले: ‘इजा झाल्यास सुरक्षा विभागात जा.’ प्रेस यंत्रात बोट चेपलेला नवा पोरगा रुमाल गुंडाळून थेट गेटवरच्या वॉचमनकडे. रुमाल लाल, वॉचमन पांढराफटक. गुजरातीत सलामती (सेफ्टी) वेगळी, सुरक्षा (सिक्युरिटी) वेगळी. आपण दोघींना एकाच खुंटीला टांगलंय. मी घरीसुद्धा सलामतीचे बूट म्हणतो.

सदाशिवपेठी: बडोद्याला राहिलं की मराठी अशी होते. ‘सुरक्षितता’ हा चांगला शब्द असताना फारसी कशाला?

खडूस: फारसीतून आला, मुळात अरबी. आणि “सहीसलामत ये रे” म्हणणारी आमची आजी मदरशात गेली नव्हती. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ हे हेल्मेटच्या पेटीवर छापा, दुसरं घोषवाक्य लागणार नाही.

दांडियाबाजार: सयाजीरावांच्या दरबाराने १९३१ साली कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडून ‘सयाजीशासन शब्दकल्पतरु’ काढला. त्या गावात बसून फारसीचा विटाळ मानायचा?

रावपुऱ्याची: तुमचं चालू द्या, माझं हे वाक्यही अडलंय: ‘२०२२ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित, निरोगी कामाची जागा हे मूलभूत तत्त्व ठरवलं, तेव्हा भारताने १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या ___ला अनुसमर्थन दिलेलं नव्हतं.’ गाळलेल्या जागी इंग्रजीत ‘कन्व्हेन्शन’ आहे. ठराव लिहू, की करार?

सदाशिवपेठी: ठराव नको, तो ‘रिझोल्यूशन’चा. अधिवेशन तर मुळीच नको. करार.

दांडियाबाजार: करार दोघांत होतो. हे जिनिव्हात मंजूर होतं, मग एकेक देश अंगावर घेतो. हिंदीत अभिसमय आहे. बाकी भारताने काही घेतलेच नाहीत असं दिसायला नको. बेंझिनचा १९९१ मध्ये घेतला, मोठ्या औद्योगिक अपघातांचा २००८ मध्ये.

मकरपुरा१८: ‘अंगावर घेतला’ असंच छापा की! अनुसमर्थन कोणाला कळतं? आणि जिनिव्हाचं सोडा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम १४ ला धूळ-धूर बाहेर खेचा, कलम २० ला थुंकदाण्या ठेवा, भलतीकडे थुंकलात तर पाच रुपयांपर्यंत दंड, असं होतं. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यातली नक्षी बघून कोणी म्हटलं नसतं.

खंबायतकर: उशिरा येतेय. वडिलांची बदली गुजरातेत खंबायतला होती. शेजारी अकीकाचे दगड घासायचे, घरातच, चाकावर. ओटा रोज सारवलेला, अंगणात काडी सापडायची नाही. त्या घरातला थोरला तिशीत सिलिकोसिसने, फुप्फुसात दगडाची धूळ साचून, गेला. दगडाची ती धूळ इतकी बारीक की दिसतही नाही. रावपुऱ्याची ताई, स्वच्छता लिहू नका एवढंच.

रावपुऱ्याची: नाही लिहीत. सध्या ‘कामाच्या जागेचं आरोग्य’ केलंय. काका म्हणतात, जागेला कसलं आरोग्य?

सदाशिवपेठी: बरोबरच आहे काकांचं. आणि थुंकदाणी नव्हे, पिकदाणी.

मकरपुरा१८: पिकदाणी पान खाणाऱ्याची हो. खोकणाऱ्याची थुंकदाणीच.