मदत हवी आहे : किडनीच्या आजाराचं खाणं कुत्रा तोंडात धरत नाही

नमस्कार मंडळी,
आमचा शेरू 11 वर्षांचा आहे. हल्ली पाणी फार प्यायला लागला होता, लघवीलाही सारखा जायचा. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) 2.1 निघालं. डॉक्टर म्हणाले, किडनीचा आजार दुसऱ्या टप्प्यात आहे, फॉस्फरस कमी असलेलं खास खाणं सुरू करा.

अडचण तिथेच आहे. ते कोरडं खाणं वाटीत पडलं की तो वास घेतो, नाकाने वाटी ढकलतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळून पाहिलं, तर जुने दाणे नेमके निवडून खातो आणि बाकीचे जमिनीवर काढून ठेवतो! कोमट पाणी घातलं की वास सुटतो म्हणून जरा खातो, पण पोटभर नाही. वजन उतरतंय, पाठीचा कणा हाताला लागतो, आणि जीव तुटतो हो.

ज्यांनी हे निभावलंय त्यांना विचारायचंय: त्याच प्रकारचं ओलं, डब्यातलं खाणं जास्त चालतं का? घरी शिजवून द्यायचं तर प्रमाण कोणाकडून ठरवून घेतलंत? अंड्याच्या पांढऱ्या भागात फॉस्फरस कमी असतो, पिवळ्यात जास्त, एवढं माहीत आहे. पण नुसत्या पांढऱ्यावर कुत्रा जगत नाही. मळमळीचं औषध दिल्यावर कोणाच्या कुत्र्याची भूक परतली का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमचा अनुभव आधी कळला तर नेमकं विचारता येईल.